कुंभारीचे जिने

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव गेल्या वीस वर्षांत दोनदा देशभर गाजले, आणि दोन्ही वेळा कारण घरे हेच होते. 1 सप्टेंबर 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते विडी कामगार महिलांना 10,000 घरे मिळाली. ती वसाहत कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने ओळखली जाते. 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी याच गावातल्या रे नगर वसाहतीच्या 30,000 घरांपैकी पहिल्या 15,000 घरांचे लोकार्पण केले. दोन्ही प्रकल्पांमागे मागणी रेटणारा माणूस एकच, सिटू या कामगार संघटनेचे नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर. कामगार चळवळीचे यश म्हणून या घरांचा इतिहास सांगितला जातो आणि त्यात चूक काही नाही. पण तोच इतिहास अपंगांच्या हक्कांच्या अंगाने वाचला तर एक अडचणीची गोष्ट समोर येते. अपंगांसाठीचा कायदा ढिला होता तेव्हा कुंभारीत बैठी घरे उभी राहिली. कायदा कडक झाल्यावर त्याच गावात बहुमजली इमारती आल्या. असे का झाले याचे उत्तर, माझ्या मते, आपण अपंगत्व कशाच्या मापाने मोजत आलो यात आहे. आपण माणसाच्या शरीराचे टक्के काढले. वस्ती कशी बांधली, कुठे बांधली, सरकारी खिडकी कोणत्या गावी ठेवली, हे मोजायचे राहून गेले.

सोलापूर हे आधी गिरण्यांचे गाव. 1877 साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगची गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी, आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या इतर गिरण्या यांनी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांना आणि आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना ओढून आणले. पुढे हातमाग, यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल. या सगळ्यात पुरुषाचे काम डोळ्यांना दिसे, भोंग्यावर चाले. बाईचे काम विडीचे, आणि ते उंबऱ्याच्या आत. गिरण्या एकेक करून बंद पडल्यावर पूर्व भागातल्या हजारो घरांत नियमित येणारा पैसा विडीचाच उरला. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून आणायचा. पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची. पत्र्याचा तुकडा मापाला धरून कात्रीने सारख्या आकाराची कापायची. मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटायचे. मजुरी हजारावर. दुसऱ्या दिवशी तयार माल घेऊन कारखान्यात जायचे, तपासणाऱ्याने काही विड्या छाटून बाजूला टाकायच्या आणि त्या मजुरीतून वजा व्हायच्या. पाने वाईट निघाली तर भुर्दंड बाईलाच. तासन्‌तास मांडी घालून, मान खाली घालून, तंबाखूच्या भुकटीत बसलेल्या या शरीराची कंबर, मान, गुडघे, डोळे आणि बोटे हळूहळू झिजतात. त्यात अपघात असा कधी होतच नाही, आणि कायद्याच्या इतिहासात याच बारकाव्याने घात केला.

कामगाराच्या शरीराची हानी कायद्याने पहिल्यांदा मोजली ती 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात, जो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्याला जोडलेल्या अनुसूचीत शरीराच्या एकेका अवयवासमोर कमाईची क्षमता किती टक्के घटली याचा आकडा असे. पुढच्या काळात रूढ झालेल्या यादीत हाताचा अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50 टक्के, दोन्ही हात गेले तर 100. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, पण तिला कमी लेखू नये. त्याआधी गिरणीत हात गेलेल्या माणसाला मालकाच्या दयेवर सोडले जाई; यादी आल्यावर त्याचा दावा दयेतून निघून हिशेबात आला. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हाच हिशेब पुढे नेला आणि त्याला दवाखान्याची जोड दिली. फक्त या हिशेबाच्या दोन अटी होत्या. एक, नोकरी कोणाकडे आहे हे दाखवता आले पाहिजे. दोन, इजा कोणत्या घटनेने किंवा कोणत्या मान्य रोगाने झाली हे सांगता आले पाहिजे. गिरणीतला माणूस दोन्ही अटींत बसत होता. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकारसुद्धा यथावकाश व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला. घरी बसून विडी वळणारी त्याची बायको दोन्ही अटींबाहेर राहिली. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन शरीरांपैकी एकाच्या हानीला आकडा होता, दुसऱ्याच्या नव्हता.

पहिली अट मोडायला 1966 साल उजाडले. त्या वर्षीच्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरखात्यात विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. विडी मालक न्यायालयात गेले, आणि 1974 मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. 1976 मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरासाठी मदत सुरू झाली. 1977 मध्ये भविष्य निर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला. ही सारी साधने अपंगांसाठी म्हणून कोणी निर्माण केली नव्हती. पण वयाच्या पन्नाशीत मान वळवता न येणाऱ्या बाईला जो काही आधार मिळाला तो इथून मिळाला, अपंग कल्याणाच्या खात्यातून नव्हे. त्या खात्याची परंपरा वेगळी होती. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्यांनी मूकबधिरांची आणि पुढे अंधांची शाळा काढली तिथून ती येते: जन्मजात किंवा बालपणी आलेले अपंगत्व, एक संस्था, एक देणगीदार, सणावाराला धान्य. या परंपरेने अनेकांना शिकवले, उभे केले. तिची टर उडवण्यात अर्थ नाही. पण कामाने झिजलेल्या प्रौढ बाईसाठी तिच्यात जागाच नव्हती.

1995 चा अपंग व्यक्ती कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. त्याने सात प्रकारचे अपंगत्व मानले आणि लाभासाठी 40 टक्क्यांची रेघ आखली. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या टक्क्यांशी या टक्क्यांचे नाते मला स्पष्ट दिसते, पण वाटेत एक गोष्ट गळाली आहे. 1923 च्या यादीत टक्के कमाईच्या क्षमतेचे होते, म्हणजे निदान कागदावर तरी शरीराचा संबंध त्या माणसाच्या जगण्याशी होता. अपंगत्वाच्या दाखल्यात मुख्यतः सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, दृष्टीची रेष, ऐकू येण्याची पातळी मोजली जाते. ती व्यक्ती कितव्या मजल्यावर राहते, दवाखाना किती लांब आहे, संडास घरात आहे की बाहेर, हे तिथे कोणी विचारत नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला तर 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कार्ड लागते, आणि ते मिळाल्यावर केंद्राचा वाटा महिना 300 रुपये, 2012 पासून तोच. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची. तिची रक्कम वाढत 1,500 वर आली आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2,500 झाली. पण दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, म्हणजे दिवसाला 137 रुपये. घरात एक माणूस रोजंदारीवर नियमित जात असेल तर प्रामाणिकपणे लिहिलेला अर्ज बादच व्हायचा.

याच 1995 च्या कायद्याच्या छायेत कुंभारीची पहिली वसाहत उभी राहिली. घराची किंमत 60,000 धरलेली. 20,000 केंद्राचे, 20,000 राज्याचे, 20,000 कामगार महिलेचे. घर बाईच्या नावावर. झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला वयाच्या उतरणीला मालकीची भिंत मिळाली. घरे छोटी, पण बैठी. दारातून थेट रस्त्यावर येता येईल अशी, मागेपुढे थोडी मोकळी जागा. या आराखड्यामागे अपंगांचा विचार होता असा दावा मी करणार नाही. बैठे घर स्वस्त पडते, त्यासाठी बांधकामाचे जड तंत्र लागत नाही, आणि शहराबाहेरच्या माळावर जमीन होती, म्हणून ते तसे झाले. पण परिणाम लक्षात घ्या. गुडघे गेलेली बाई, पक्षाघात झालेला तिचा नवरा, पोलिओ झालेला मुलगा, यांच्यातल्या कोणालाही दाराबाहेर पडण्यासाठी दाखला दाखवावा लागला नाही, कोणाचे टक्के काढावे लागले नाहीत. घर मागताना बाईने स्वतःला कामगार म्हणवले, आणि मिळालेले घर तिच्या झिजलेल्या शरीरालाही मानवले. कायद्याने मात्र यात काही केले नव्हते. 1995 च्या कायद्यातली रस्ते, वाहतूक आणि इमारतींबद्दलची कलमे आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून असा शब्दप्रयोग घेऊनच जन्माला आली होती. ज्या सरकारला करायचे नाही त्याच्या हातात याहून सोयीचे वाक्य देता आले नसते.

यावर एक आक्षेप असा येईल की बैठ्या घरांचे मी फार कौतुक करतो आहे. तीच वसाहत शहरापासून लांब माळावर टाकली हे विसरतो आहे. आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो पूरकच ठरतो. घराच्या दारातून बाहेर पडणे सोपे झाले, पण बाहेर पडून जायचे कुठे? महापालिकेची हद्द मागे राहिली. शहराएवढी लोकसंख्या आणि कारभार ग्रामपंचायतीचा, असा विचित्र संसार कुंभारीच्या वाट्याला आला. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी असा नियम आहे. आधी ती 3 टक्के होती, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यभर आंदोलने झाली. पण पाच टक्के कशाचे, हे पाहिल्याशिवाय या नियमाचे मोल कळत नाही. महापालिकेचे स्वउत्पन्न आणि ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न यांत जमीन-अस्मानाचा फरक. घर ज्या हद्दीत पडले तिने दिव्यांग माणसाचा वाटा ठरवून टाकला, आणि ती हद्द जमिनीच्या भावाने ठरवली होती.

सेवा कुठे ठेवल्या याचेही तसेच. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर हे गावातच. पण अपंगत्वाचा दाखला देण्याचा अधिकार सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याचा, आणि त्यासाठी वाट धरायची सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलची. संजय गांधी योजनेचा अर्ज तहसीलकडे, आणि दक्षिण सोलापूर तालुक्याचे तहसील कार्यालयही सोलापुरातच. एसटीच्या तिकिटात दिव्यांगाला 75 टक्के सवलत आहे हे खरे, पण ती मिळवायला आधी दाखला हवा, आणि दाखल्यासाठीचा प्रवास या सवलतीविना करायचा. त्यात सोबत येणाऱ्याचा दिवस बुडतो तो वेगळाच. विडीच्या घरात सोबत येणारी म्हणजे बहुधा विडी वळणारीच. ती त्या दिवशी हजार विड्या कमी वळणार. खाजगी रुग्णालयाला दाखल्याचा अधिकार दिला तर खोटे दाखले सुटतील, असे यावर सांगितले जाते. ही भीती निराधार नाही. खोट्या दाखल्यांची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. पण म्हणून अधिकार खाजगीला द्यायलाच हवा असे नाही. सरकारी मंडळ महिन्यातून एकदा कुंभारीत येऊन बसू शकते. त्याला लागणारी यंत्रे आणि खोल्या गावात उभ्या आहेत. डॉक्टरांच्या चार जणांच्या पथकाने बारा किलोमीटर यायचे की शेकडो कुटुंबांनी बारा किलोमीटर जायचे, एवढाच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आजवर दरवेळी एकाच बाजूने लागले.

आता सगळे ऑनलाइन झाले, अंतराचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. दाखल्याची नोंदणी पोर्टलवर होते, युडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र पोस्टाने येते. पांढरे, पिवळे, निळे, अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे रंग. याचा उपयोग आहेच. पण विडी कामगार बाईच्या बाबतीत ऑनलाइन व्यवस्थेची गाडी नेमकी तिच्या बोटांवर अडते. वर्षानुवर्षे पान वळून, दोरा ओढून बोटांच्या टोकावरच्या रेषा पुसट होतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला उमटत नाही. दुकानदार सांगतो हात धुऊन ये, तेल लाव, उद्या ये. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय निवृत्तिवेतनासाठी 2021 नंतर आली, बाकी ठिकाणी जशी जमेल तशी. हे अंगठा न उमटणे आजच्या कायद्याने मानलेल्या अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत कुठे बसते? कुठेच नाही, आणि बसूही नये. तिचा अंगठा काम करतो, विडी वळतो. अडथळा त्या यंत्रात आहे. शरीराचे टक्के मोजणाऱ्या कायद्याला हा अडथळा दिसत नाही, कारण त्याची पट्टी बाईच्या हाताला लावलेली आहे, यंत्राला नव्हे.

27 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही पट्टी फिरवण्याचा प्रयत्न केला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. समाजातले अडथळे हा व्याख्येचाच भाग झाला. इमारतींच्या कलमांतली आर्थिक कुवतीची पळवाट गेली. कलम 44 सांगते की प्रवेशयोग्यतेचे नियम पाळलेले नसतील तर बांधकामाला परवानगी देऊ नये. कलम 37 सांगते की घरवाटपाच्या योजनांत 5 टक्के घरे दिव्यांगांसाठी राखावीत, त्यातही महिलांना अग्रक्रम. हा कायदा लागू झाल्यावर दोन वर्षांच्या आत, 9 जानेवारी 2019 रोजी, रे नगरचा पायाभरणी समारंभ झाला. असंघटित कामगारांची 30,000 घरे, खर्च 1,811 कोटी, त्यात केंद्र आणि राज्य मिळून 750 कोटी, म्हणजे घरामागे अडीच लाख सार्वजनिक पैसा. समारंभानंतरची चर्चा कम्युनिस्ट नेत्याने भाजपच्या पंतप्रधानांची स्तुती केली यावर रंगली. पक्षाने मास्तरांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबितही केले. आराखड्याबद्दलची चर्चा त्या गदारोळात मागे पडली. आराखडा 834 इमारतींचा, एका इमारतीत सरासरी 36 घरे, तळमजला आणि त्यावर मोजके मजले. इतक्या उंचीच्या इमारतीला लिफ्टची सक्ती नसते. मग वरच्या मजल्यावरच्या घरासाठी 2016 चा कायदा कोणत्या रूपाने हजर आहे? प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एक ओळ आहे: दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत. 1995 मधली आर्थिक कुवत गेली आणि तिच्या जागी शक्यतो आले.

आधी सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर, मग उतार आणि कठडे, हा सर्वांत जड आक्षेप, आणि तो घेणारी माणसे निर्दय नाहीत. बैठी 30,000 घरे बांधायची तर जमीन किती लागली असती, ती अजून किती लांब गेली असती, पाणी आणि गटारे किती महाग पडली असती, हा हिशेब खरा आहे. मजले चढवण्याला माझा विरोध नाही. पण 5 टक्क्यांचा हिशेबही करू. 30,000 चे 5 टक्के म्हणजे 1,500 घरे. 834 इमारतींच्या तळमजल्यांवरची घरे काही हजारांत जातात. म्हणजे कलम 37 चा सगळा वाटा तळमजल्यावर बसवून वर म्हाताऱ्या माणसांच्या कुटुंबांसाठीही जागा उरते, आणि त्याला सिमेंटची एक गोणी जास्त लागत नाही. खर्च लागतो तो उतार, रुंद दार आणि संडासातल्या कठड्यासाठी, आणि तो बांधतानाच केला तर अगदी किरकोळ असतो. नंतर भिंत फोडून केला तर त्या घरातल्या माणसाला परवडत नाही. आधी छप्पर आणि मग उतार या क्रमात उतार कधीच येत नाही, याला गोदूताई वसाहतीबाहेरचे सबंध सोलापूर साक्षी आहे.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. विडी कामगार म्हणून एक झालेल्या बायकांमध्ये दिव्यांग आणि बिगर दिव्यांग अशी रेघ कशाला? एकीनेच तर घरे मिळाली. या युक्तिवादाचा मला आदर आहे, कारण कुंभारीचा सगळा इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे: दया मागणाऱ्या एकट्या माणसाला जे मिळाले नाही ते रस्त्यावर उतरलेल्या हजारोंना मिळाले. पण मोर्चाला येऊ न शकणारी बाईही सभासद असते. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे त्या घरातली बाई संघटनेच्या बैठकीला सर्वांत कमी वेळा येते, आणि घरवाटपाच्या वेळी कोणता मजला हवा हे सांगायला तिला तोंड फुटत नाही. संघटनेने हा प्रश्न स्वतःचा केला तर रेघ पडत नाही. तो व्यक्तीच्या दाखल्यावर सोडला की पडते, कारण मग प्रत्येकजण एकटा खिडकीपुढे उभा राहतो.

तिसरा आक्षेप दिव्यांगांच्या संघटनांचा असू शकतो. झिजलेले गुडघे आणि पुसट अंगठे यांना अपंगत्वाच्या चर्चेत आणले तर यादी अमर्याद होईल, आणि ज्याला खरोखर दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही त्याच्या ताटातले जाईल. पेन्शन, नोकरीतले आरक्षण, शिष्यवृत्ती यांच्या बाबतीत हे मला मान्य आहे; तिथे रक्कम ठरलेली असते, वाटेकरी वाढले की वाटा घटतो आणि म्हणून रेघ लागतेच. उतार, रुंद दार, गावात येणारे मंडळ, चेहऱ्याने चालणारे रेशनचे यंत्र यांना ते लागू नाही. त्यांचा उपयोग गरोदर बाईने केला म्हणून चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचे काही कमी होत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनातून मराठी वाचकाला या खुर्चीवरून दिसणारे जग दाखवले. त्या खुर्चीला लागणारा उतार विडी कामगार बाईच्या गुडघ्यालाही हवाच असतो. कुंभारीत असे किती जण असतील? 2011 च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के आले. दोन्ही वसाहतींची मिळून 40,000 घरे भरली आणि घरटी चार माणसे धरली, तर याच प्रमाणाने साडेतीन हजारांच्या आसपास माणसे होतात. हा नुसता अंदाज आहे, आणि कामाने झिजलेली शरीरे त्यात धरलेलीच नाहीत. ती धरायची ठरवली तर आकडा कुठे जाईल, याची कल्पना विडीच्या घरात बसलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही.

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गाठ उकलली. कायदा सक्ती सांगतो आणि त्याखालचा नियम 15 नुसत्या मार्गदर्शक सूचना देतो, हे चालणार नाही, असे म्हणत न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीचे निकष ठरवायला केंद्राला तीन महिने दिले. मूळ याचिका 2005 ची. कुंभारीतल्या पहिल्या किल्ल्या वाटल्या गेल्या त्याच्याही आधीची. रे नगरच्या पहिल्या 15,000 घरांचे लोकार्पण निकालाच्या दहा महिने आधी होऊन गेले होते. उरलेल्या घरांसाठी दिल्लीहून निकष येण्याची वाट पाहायची गरज नाही. रे नगरच्या गृहनिर्माण संस्थेकडे सभासदांची नोंदवही आहे, तीत प्रत्येकीचे नाव, वय, काम आणि कुटुंबातली माणसे आहेत. वाटपाआधी त्या वहीत एक रकाना वाढवता येतो: घरातल्या कोणाला जिना चढता येत नाही? दाखला आहे की नाही हा प्रश्न त्या रकान्यात नको. शेजारच्या चार बायकांनी सही केली तर पुरे, कारण त्या गल्लीत कोण घराबाहेर पडत नाही हे सिव्हिलच्या मंडळाला माहीत नसले तरी त्यांना माहीत असते.